सणसरच्या घरामागची बाग आणि माझे आबा

आबा 'बागेत आहेत' असं कृपा करून मला कुणी सांगू नका.

महिनाभर तेच ऐकतेय. फुलांत आहेत, झाडांत आहेत.

नाहीत. मी रोज बघते.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं घर सणसरला. घर संपतं आणि ऊस सुरू होतो, त्या मधल्या तुकड्यात बाग आहे. माझ्या नवऱ्यानं, विशालनं लावलेली. देशी गुलाब, मोगरा, शेवंती, एक पेरू, एक लिंबू, कडेला शेवगा.

विशाल डेअरीत नोकरीला होता. तीन हिवाळ्यांमागं, उसाच्या सीझनमध्ये, घरी येताना त्याची बाइक रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली.

सासूबाई आधीच गेलेल्या. आम्हाला मूल नाही.

घरात उरलो आबा आणि मी.

आबांनी बागेकडचं दार लावून घेतलं. बोलणंही बंद केलं. मी सकाळी स्कूटीवरून बारामतीला शाळेत शिकवायला जायचे, संध्याकाळी परत यायचे, दोन ताटं वाढायचे. समोरासमोर बसून जेवायचो आणि एकमेकांकडं बघायचो नाही.

जानेवारीत एकदा खिडकीतून शेवंती दिसली. पार माना टाकलेली. काय वाटलं कुणास ठाऊक, दार उघडलं, पाइप जोडला आणि ओढत नेला.

मागून आवाज आला.

"पाइप असा वढू नगंस. रोपं मोडत्यात. विशा वरडायचा."

दिवसकार्य झाल्यापासून आबांच्या तोंडी लेकाचं नाव पहिल्यांदा आलं.

मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. आबा खाली उतरले, माझ्या हातातून पाइप घेतला आणि पाणी धरून उभे राहिले. वाफा भरला, पाणी बाहेर वाहायला लागलं, तरी दोघांपैकी कुणी नळ बंद केला नाही.

त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी बागेत.

फुलून गेलेली शेवंती कापायची, बुडातले कोंब सोडवून लावायचे. उसाचं पाचट आणून आळ्यांत पसरायचं. थंडी ओसरायला लागली की मोगरा छाटायचा.

खरं सांगायचं तर काम थोडं आणि विशालच्या गोष्टी जास्त.

"ल्हान असताना गुलाबाची काडी लावायचा आन् रोज उपटून बघायचा. मुळं फुटली का म्हणून. एक काडी जगू दिली न्हाय गड्यानं."

"मग?"

"मग काय, मी धरून हाणला."

आणि हसता हसता आबांचा आवाज फाटायचा. मी दुसरीकडं बघायचे. माझा आवाज फाटला की ते दुसरीकडं बघायचे.

असं कुणी मिळत नाही हो. ज्याचं माणूस आणि आपलं माणूस एकच असतं, असं.

यंदा संक्रांतीनंतर आबांना धाप लागायला लागली. बारामतीला डॉक्टरांना दाखवलं. हार्ट वीक आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. आबांनी गोळ्या घेतल्या आणि मला न सांगता माझ्या माहेरी, कन्हेरीला, दादाला फोन केला.

मला दादाकडूनच कळलं. आबांनी त्याला सांगितलं होतं, "बहिणीला घिऊन जावा. माझ्यामागं ती हितं एकली नगं."

मी तणतणतच बागेत गेले.

"मी काय सामान आहे का आबा, कुणीतरी येऊन घेऊन जायला?"

आबा गुलाबाचं आळं करत बसले होते. वर बघितलं नाही.

"सासरा म्हणून बोललो न्हाय. बाप म्हणून बोललो."

"बाप असं घालवून देतो?"

"व्हय. देतो. तुझं वय काय गं पोरी? आजून समदं फुडं हाय. ह्या म्हाताऱ्याच्या मागं मातीत हात घालून किती दिस काढशील?"

"मला कुठंही जायचं नाही."

आबांनी आळ्याची कड हातानं दाबून घेतली. मग म्हणाले, "मला तरी कुठं वाटतंय, तू जावं."

त्यानंतर हा विषय आम्ही काढला नाही.

फेब्रुवारीतला रविवार. हवेतला गारवा गेलेला, लिंबाला फुलं, पेरूवर नवी पालवी. आम्ही मोगरा छाटत होतो. अर्धा झाला असेल.

आबा म्हणाले, "ऊन लागाय लागलं. पाणी पिऊन येतो."

मी म्हणाले, "मलाही आणा."

मी छाटत राहिले. यंदा कळ्या भरपूर येतील, असं काहीतरी मोठ्यानं बोललेही. थोड्या वेळानं हाक मारली. मग पुन्हा मारली.

आत गेले तर आबा बाजेवर पडलेले. खाली तांब्या कलंडलेला. पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं.

आता मार्च लागलाय. बागेत इतकं फुललंय की बघवत नाही. गुलाब, शेवगा, सगळं. मी पाणी घालते, कारण शाळेतून आल्यावर दुसरं काय करायचं ते सुचत नाही. परवा घातलं नाही. कालही नाही. झाडांना काही फरक पडलेला दिसला नाही.

दादा दोनदा येऊन गेला. मी गेले नाही. का थांबलेय, ते मला सांगता येत नाही.

शाळेत सगळे चांगले आहेत, शेजारचे चांगले आहेत. पण विशालचा विषय काढला की माणसं घाईनं दुसरं काहीतरी बोलतात. माझ्या भल्यासाठीच. "धरून हाणला" म्हणणारं कुणी नाही. या घरात त्याचं नाव घेणारी आता मी एकटी, आणि ते ऐकणारीही मीच.

आबा, तुम्ही घाईनं गेलात. पाया पडायचं राहिलं.

इथूनच पडते.

तुमची,
सून म्हणा, पोरगी म्हणा.