निंबाच्या झाडामागचा संशयित इसम

उस्मान हवालदाराचे किस्से सांगायला बसलं की चहा तीनदा गरम करावा लागतो. एक संपत नाही तोवर कुणीतरी म्हणतंच, "अन् ते परवलीचं सांग नं!" खरं म्हणजे यात हसायचा हक्क मला सर्वांत कमी. उस्मान शाळेच्या गेटवर बसणार, या ज्या बातमीनं पुसदमधली आमची अख्खी गल्ली खूश झाली होती, तिनंच माझी तीन रात्रींची झोप उडवली होती.

पासष्ट सालचा पावसाळा. सरहद्दीवर गडबड चालू आहे असं रेडिओ सांगत होता आणि पोरं पळवणारी टोळी उतरली आहे असं भाजीवाली सांगत होती. शाळेच्या कमिटीनं दोघांवरही विश्वास ठेवला आणि ठरवलं, गेटवर फौजी माणूस बसवायचा! उस्मान हवालदार दहा वर्षं फौजेत काढून घरी आला होता. एरवी सायकली दुरुस्त करायचा. पण होता रिझर्व्हवर. म्हणजे नाव यादीत कायम; सरकारचा कागद आला की पेटी उचलून निघायचं. तोवर त्यानं आमची पोरं सांभाळावी, असं ठरलं.

माझी सुमी तेव्हा सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत बसलेली. मी अमरावतीची मॅट्रिक. मुलं कशी वाढवावी यावरचं एक पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. दोनदा वाचल्यानं काळजी दुप्पट झाली, एवढाच फरक.

आणि आता शाळेच्या दारात बंदूक!

* * *

"अहो, त्या बंदुकीत गोळी असेल का?" मी यांना विचारलं. हे जिनिंग फॅक्टरीत कारकून.

"त्यालेच विचार ना. मले काहून विचारतं?" पेपरातून डोकं वर न काढता उत्तर आलं.

विचारलं. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. "हवालदारसाहेब, लहान मुलांच्या सान्निध्यात भरलेलं शस्त्र असणं कितपत योग्य आहे, असं आपल्याला वाटतं?"

हवालदारानं बंदूक भिंतीला टेकवली आणि अदबीनं सांगितलं, "बाई, बिलकुल फिकर नका करू. बंदूक इथं हाय, गोळी कचेरीत कुलपात हाय. किल्ली साहेबाजवळ हाय. अन् साहेब दौऱ्यावर हायेत."

"मग खरंच कुणी आलं तर?"

"त्याले आठ दिवस आधी अर्ज द्या लागन."

घरी आले आणि मला नवी काळजी लागली. बंदुकीत गोळी नाही, मग सुमीचं रक्षण होणार कसं?

* * *

हवालदारानं पहिल्याच आठवड्यात फौजेचा कायदा लावला. दुपारच्या सुट्टीत बाहेर गेलेल्या माणसाला परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत प्रवेश नाही. परवल रोज नवी. सुट्टी झाली की गेटवर तो पोरांच्या कानात सांगायचा. सोमवारी भेंडी, मंगळवारी दोडका. पोरांना पाढे पाठ होत नव्हते, पण परवल एकही पोर विसरलं नाही.

मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीणबाई, मात्र या प्रकाराला पोरखेळ समजत होत्या. एक दिवस घरून जेवून आल्या तर गेट बंद.

"परवल?" हवालदारानं विचारलं.

"अहो, मी हेडमास्तर आहे!"

"मालूम हाय बाई. म्हणूनच इज्जतीनं विचारून राह्यलो. परवल?"

बाईंची पंचाईत पाहून पहिलीच्या खिडकीतून चाळीस पोरं ओरडली, "बाई, वांगं! वांगं म्हणा, बाई!"

बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "वांगं."

हवालदारानं खिडकीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"परवल फुटली! फुटलेली परवल चालत नाही. आता नवी!"

नवी परवल ठरेपर्यंत आणि ती पोरांच्या कानात सांगून होईपर्यंत बाई पाऊण तास बाहेर होत्या!

* * *

याचा परिणाम असा झाला की शाळा शिकली. म्हणजे परवल फोडायची नाही, हे शिकली. आणि नेमके पुढच्याच आठवड्यात, न कळवता, दुपारच्या सुट्टीनंतर दिपोटीसाहेब तपासणीला आले.

"परवल?"

"मी डेप्युटी इन्स्पेक्टर आहे!"

"असान साहेब. परवल?"

पाऊस पडत होता. मोठ्या बाई वऱ्हांड्यात हात चोळत उभ्या, कारण आता त्या सुट्टीत बाहेर जातच नव्हत्या, त्यामुळे त्यांनाही परवल ठाऊक नव्हती. त्या पोरांना म्हणाल्या, "अरे, सांगा रे साहेबांना!" एक पोर तोंड उघडेल तर शपथ. आमची सुमी तर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती म्हणे.

साहेब अर्धा तास छत्रीखाली उभे राहिले. शेवटी त्यांनी शेऱ्याची वही गजांतूनच मागवली आणि लिहिलं, "गेटचा बंदोबस्त उत्तम. शाळा पाहता आली नाही."

* * *

आता माझा किस्सा. हा मी सांगत नाही, बाकीच्या सांगतात. पण त्या तिखटमीठ लावतात, त्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

शाळेसमोर रस्त्यापलीकडे एक मोठा निंब होता. त्या झाडामागून पहिलीची खिडकी सरळ दिसायची. सुमी डबा खाते की नाही, रडते की काय, एवढंच पाहून परतायचं, असं मी ठरवलं होतं. हे कुणाला कळत नाही, असंही मीच ठरवलं होतं. खोड चांगलं जाड होतं, आणि मी तेव्हा बारीक होते.

पुढे पालकसभा झाली. शाळा किती सुरक्षित आहे हे सांगायला मोठ्या बाईंनी हवालदाराची पहाऱ्याची वही काढली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "मंगळवार, दुपारी एक. निंबाच्या झाडामागे एक संशयित इसम. तपास केला. पहिलीतल्या सुमनची आई निघाली. बुधवार, सव्वा एक. निंबामागे संशयित. सुमनची आई. गुरुवार. सुमनची आई."

शुक्रवारपासून पुढे नावही नव्हतं. रोज नुसतं लिहिलं होतं, "हजर."

हे माझ्या शेजारीच बसले होते. आम्ही घरी आलो. चपला काढताना एवढंच म्हणाले, "माही हजेरी फॅक्टरीत इतकी चोख नाही."

दुसऱ्या दिवशी मी हवालदाराला जाब विचारायला गेले. तो सायकलची ट्यूब तपासत होता. "बाई, बुरं नका मानू," तो म्हणाला. "मी फौजेत असतानी बॉर्डरवरून सुट्टीवर आलो नं, का माही अम्मी ढाणकीहून निघायची अन् मले स्टँडवर घ्याले यायची. एवढा मोठा हवालदार, अन् हात धरून रस्ता पार करवायची! मी कोणाले जाब विचारू?"

जुळवून आणलेलं वाक्य मी तसंच घरी परत नेलं.

* * *

सप्टेंबरात लढाई खरोखरच लागली आणि हसणं जरा कमी झालं. शाळेच्या मैदानात हवालदारानं चर खणून घेतले. कापसाचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, त्यामुळे जिनिंगचा भोंगा रिकामाच होता. तो वाजला की पोरांनी धावत जाऊन चरात पालथं पडायचं, कानांवर हात ठेवायचे.

पहिली तालीम. भोंगा वाजला. सगळी शाळा चिखलात आडवी! मोठ्या बाईसुद्धा! आणि त्या सपाट मैदानात एकच मूर्ती ताठ उभी. आमची सुमी.

हवालदार ओरडला, "ए पोरी, झोप खाली! बॉम्ब पडून राह्यला!"

"नाही."

"काहून नाही?"

"आईनं सांगतलं, फ्रॉक मळवाचा नाही."

मी अर्थातच निंबामागे होते. हवालदार रस्ता ओलांडून थेट झाडापाशी आला आणि सलाम ठोकून म्हणाला, "बाई, दुश्मनाचं मी पाहून घेतो. तुमच्यासमोर माहं काही चालत नाही."

मला त्या दिवशी हसू आलं नाही. सुमी जपावी म्हणून जे जे मी तिला शिकवलं होतं, त्यातलंच एक तिला उभं ठेवत होतं. हवालदारानं वही पुढे केली. मी उभ्या उभ्या लिहून दिलं, "सुमनला फ्रॉक मळवण्यास परवानगी आहे." खाली सही केली.

दुसऱ्या तालमीला सुमी सगळ्यात आधी चिखलात पडली. भोंग्याच्याही आधी!

* * *

मग कागद आला. हवालदाराला दोन दिवसांत हजर व्हायचं होतं.

एसटी स्टँडवर अर्धी शाळा लोटली. हवालदार कडक इस्त्रीत, बुटांत तोंड दिसेल असा. शेजारी त्याची अम्मी, त्याच्या कोपराएवढी, हातात फडक्यात बांधलेल्या पोळ्या. मोठ्या बाईंनी हार घातला, पोरांनी जयजयकार केला, आणि त्या सगळ्या गोंधळात अम्मीनं कंडक्टरची बाही धरली.

"बाबू, मेरे बच्चे को सामने की सीट दे दो. इसको मोटर लगती."

"अम्मी, चूप बैठ नं!" हवालदार लाल झाला. चाळीस पोरं खो खो हसली. कंडक्टरनं समोरची सीट दिली.

गाडीत चढायच्या आधी तो वाकून सुमीच्या कानात काहीतरी म्हणाला. अम्मी गाडी दिसेनाशी झाली तरी तिथून हलेना. शेवटी हे तिला हाताला धरून ढाणकीच्या गाडीपर्यंत घेऊन गेले.

* * *

त्या रात्री मी पुन्हा जागी. शाळेत पहिल्या दिवसापासून सुमी गेटच्या आत जायची ती हवालदाराचं बोट धरून. आता गेट रिकामं. ती विचारेल, चाचा कुठे गेला? लढाईत काय होतं? परत येईल का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी तयार केलं. पुस्तकातही पाहिलं. पुस्तकात लढाईवर काही नव्हतं.

सकाळी गेटपाशी पोचलो. नुसतं स्टूल. सुमीनं माझं बोट सोडलं, स्टुलाशेजारी जाऊन ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "थांब! परवल?"

"सुमे, आता कुठली परवल?"

"चाचानं मले देली. जातानी."

"मला नाही सांगणार?"

"नाही. तू घरी जा."

मी वळले. निंबाकडे न जाता सरळ घरच्या रस्त्याला लागले. वीसेक पावलं गेले असेन, मागून चपला वाजल्या. सुमी धावत येत होती. मी खाली बसले. सगळी उत्तरं जिभेवर तयार होती.

तिनं धापा टाकत विचारलं, "आई, चाचा गेला तिथं झाड आहे का गं? चाचाच्या आईले उभं राहाले?"