मांडलेलं घर

जीव मुठीत धरून परक्या देशातून आलेल्या कुटुंबांना आमची संस्था भाड्याचं घर लावून देते. मी तिथला ड्रायव्हर. गाद्या-कपाटं वाहून माझी कंबर कामातून गेली. घर लावायचं काम मात्र संस्थेतल्या काकूंचं. बावीस वर्षांत त्यात कोणी नाक खुपसलेलं त्यांना खपलं नाही. वस्तू खोक्यांत भरून ठेवाव्यात असा नियम. काकू म्हणायच्या, दमून आलेल्यांनी खोकी कसली फोडायची? देणगीत आलेल्या जुन्या वस्तू त्या घरभर मांडायच्या. दाराशी चपला, खुंटीवर स्वेटर, ओट्यावर कप. मी चिडवायचो, आता नवरा-बायकोचं भांडण तेवढं लावून ठेवा.

त्या मंगळवारी आई-बाप आणि दोन मुली आल्या. दुभाष्या आजारी होता. दार उघडलं तशी बाई उंबऱ्यातच थबकली आणि तिनं मुलींना मागे ओढलं. बुजल्या असतील म्हणून आम्ही किल्ली देऊन परतलो.

तिसऱ्या दिवशी दुभाष्याला घेऊन गेलो, तर चौघंही बाहेर जिन्यात बसलेली. अंगावर प्रवासातलेच कपडे. आत एक कपसुद्धा हलला नव्हता. एवढं मरमर मरून हे फळ, म्हणून काकूंचा पारा चढला. बाप एकच धोशा लावून होता, आम्हाला छावणीत परत पाठवा. परत गेले असते तर घरासाठी पुन्हा नंबर लागेपर्यंत मुली मोठ्या झाल्या असत्या. घरात काय कमी आहे ते विचार, असं काकूंनी दुभाष्याला सांगितलं.

बाईनं उलट विचारलं, "इथली माणसं कुठं नेली?"

आम्हाला काही कळेना. मग दुभाष्यानं हळूहळू सगळं सांगितलं. त्यांच्या गावात एका दुपारी त्यांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं होतं. संध्याकाळी दुसरंच कुटुंब त्यांच्या भांड्यांत जेवायला बसलं.

"आम्ही कुणाच्या घरात असं शिरणार नाही," बाई म्हणाली.

काकूंनी एकेक वस्तू स्वतः खाली आणून गाडीत भरली. घर पार मोकळं झालं, तेव्हा कुठं चौघं आत गेली आणि उघड्या फरशीवर आडवी झाली.

परतताना काकू म्हणाल्या, "बावीस वर्षांत बाकीच्यांनी कुणी विचारलंच नाही रे."

मला आम्ही असंच घर लावून दिलेला एक म्हातारा आठवला. तीन वर्षं राहून त्यानं घर सोडलं, तेव्हा प्रत्येक वस्तू आम्ही ठेवली होती तिथंच होती. किती टापटीप माणूस, म्हणून आम्ही त्याला हार घातला होता.