पुण्याचं ‘बघतो’

चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, उजेडाकडे धरून पाहायचा, पुन्हा नाकावर ठेवायचा आणि मग म्हणायचं, "बघतो." एवढं सगळं झालं की समजायचं, साहेबांनी तुमचं ऐकून घेतलं. पुढे काय होणार, ते त्या शब्दावरून कुणाला कधी कळलं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल बघा. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, आणि आपण मात्र घरी येऊन सांगतो, काम झालं.

इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात त्यांना सगळे साहेबच म्हणायचे. इथे कंपनीच्या मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही नावाने हाक मारतात, पण आपली माणसं ती आपलीच. तरुण मंडळी तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागे साहेब. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. आमचे हे आणि ते एकाच थंडीत मिशिगनला आले, एकाच अपार्टमेंटमध्ये राहिले, म्हणून मी त्यांची वहिनी. आमचे हे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ड्रॉइंग काढता काढता रिटायर झाले आणि गेले. साहेब मोठ्या कार कंपनीत दरवाजांच्या खात्यात लागले आणि चढत चढत व्हाइस प्रेसिडेंट झाले. घर मात्र तेच ठेवलं. शैला, त्यांची बायको, म्हणायची, "अहो, तुमच्या हाताखालची माणसं तळ्याकाठी मोठ्या घरांत राहायला गेली." ते म्हणायचे, "बघतो." साहेब पुण्याचे, शैलाही पुण्याचीच. तिला अर्थ बरोबर कळायचा. ती त्याच घराला नवे पडदे शिवायला घ्यायची.

दरवाजांचं खातं सुटलं तरी त्यांचे दरवाजे काही सुटले नाहीत. इथल्या मराठी मंडळात कुणी नवी गाडी घेतली की साहेबांना दाखवायला आणायची. साहेब इंजिनाकडे ढुंकून बघायचे नाहीत. दार उघडायचे, लावायचे, मान तिरकी करून ऐकायचे. पुन्हा लावायचे. "गिऱ्हाईक शोरूममध्ये पहिलं काय करतं, वहिनी? दार लावतं. तो आवाज आवडला की बाकीचं सगळं आवडायला लागतं." एकदा माझ्या फ्रीजचं दारही असंच लावत बसले. मी म्हटलं, "अहो, आत दूध हिंदकळतंय." तर म्हणाले, "रबर गेलंय." आणि खरंच गेलं होतं.

आता त्यांनी काय काय केलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही मला एकतर्फी म्हणणार नाही. कंपनी बुडायला आली होती तेव्हा छोटी गाडी काढायचा हट्ट त्यांनी धरला. इथे सगळ्यांना रणगाड्याएवढ्या गाड्या लागतात, त्यामुळे लोक हसले. पण ती गाडी चालली आणि कंपनी तगली. पेपरात फोटो आला. फोटोतसुद्धा चष्मा हातात. आणि तीच गाडी स्वस्तात पडावी म्हणून जवळचा जुना कारखाना बंद करून काम दुसरीकडे हलवलं, तेही त्यांनीच. इथल्या लायब्ररीत ज्या बाईंनी मला मुलांची चित्रांची पुस्तकं घेऊन इंग्रजी वाचायला शिकवलं, त्यांचे वडील आणि भाऊ त्या कारखान्यात होते. फोटो आला त्या दिवशी त्यांनी पेपर घडी करून काउंटरवर ठेवला आणि मला म्हणाल्या, तुझा शेजारी हुशार आहे. एवढंच. चांगलं म्हणाल्या की वाईट, ते त्यांच्या आवाजावरून कळेना, आणि मी विचारलं नाही.

आपल्या माणसांचं म्हणाल तर निम्मं मंडळ त्यांच्या सहीने इथे आलं. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे. नवीन आलेल्या पोरांना पहिल्या बर्फात गाडी चालवायला ते स्वतः शिकवायचे. रविवारी सकाळी मॉलचा पार्किंग लॉट रिकामा असतो, तिथे न्यायचे आणि मुद्दाम गाडी घसरू द्यायचे. "घाबरलं की ब्रेक मारावासा वाटतो. मारायचा नाही. जिकडे जायचंय तिकडे चाक वळवायचं आणि गप्प बसायचं." पोरं पांढरीफटक होऊन खाली उतरायची. मग सगळी वरात माझ्याकडे थालीपीठ खायला.

त्या वरातीतच प्रसाद आमच्याकडे यायला लागला. नागपूरचा. बायको अदिती, मुलगी मीरा. मीरा इथेच जन्मलेली. प्रसाद इलेक्ट्रिक गाडीच्या ग्रुपमध्ये बॅटरीचं काम करायचा. बोलायला लागला की थांबायचा नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. माझं गराजचं दार अडकलं की तो, फोनमधले फोटो हरवले की तो. "मावशी, हे हरवून नाही राहिले, तुम्ही लपवून ठेवून राहिल्या," म्हणायचा.

एका शनिवारी दुपारी साहेब थालीपीठ खायला बसले होते आणि प्रसाद माझा कुकर परत द्यायला आला. मी त्यालाही बस म्हटलं. त्या दिवसांत कुजबुज चालू होती की इलेक्ट्रिक गाडीचं काही खरं नाही. प्रसादने अर्धं थालीपीठ खाल्लं आणि मग म्हणाला, "काका, एक विचारू का?"

"विचार."

"तिकडं दक्षिणेत प्लेनोच्या एका कंपनीतून ऑफर आली आहे. घ्यावी का नाही, समजून नाही राहिलं. ग्रीन कार्डचं काम इथं अर्ध्यात आहे, तिकडे गेलो तर डोक्याला पुन्हा ताप. अदितीला आत्ताच जॉब लागला. मीराची शाळा आहे. अन् इथं थांबलो अन् ग्रुपच बंद झाला, तं नागपूर. तुम्ही आमचं काही पाहता का?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. खिडकीकडे धरला. पुन्हा घातला.

"बघतो," म्हणाले, आणि लोण्याची वाटी पुढे ओढली.

ते गेल्यावर प्रसादचा चेहरा असा उजळला होता की मला काळजी वाटली. मी म्हटलं, "अरे, ते फक्त बघतो म्हणाले."

"तेच तं. झालं मग."

"पुण्याचं बघतो आहे ते. पुण्यात नाही म्हणायचं असलं की बघतो म्हणतात, म्हणजे दार न आपटता लावता येतं."

"तुम्हाला पुण्याचा राग आहे, मावशी. आमच्याकडे मोठा माणूस पाहतो म्हणाला की पाहते. माझ्या बाबांची बदली अशीच झाली होती. साहेब म्हणे पाहतो, अन् पंधरवड्यात ऑर्डर हातात."

मी सांगलीची. आमच्याकडे बघतो म्हणजे, तू आधी जेव, मग बोलू. त्यामुळे या दोघांच्या मधे मी काय बोलणार. त्याने प्लेनोची ऑफर नाकारली. अदितीने मला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूष होती. स्वयंपाकघरात नवीन टाइल्स लावायच्या म्हणत होती.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आधी, सगळ्या ग्रुपची नोकरी गेली. सकाळी सगळ्यांना ऑनलाइन मीटिंगला बोलावलं, कॅमेरे बंद ठेवायला सांगितले आणि कुणीतरी वाचून दाखवलं. मग ईमेल आला. खाली साहेबांचं नाव. प्रसादसारख्यांच्या व्हिसावर नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा. प्रसादने कुठे कुठे अर्ज केले ते मला पाठ झालं होतं, आता आठवत नाही. प्लेनोवाल्यांनी दुसरा माणूस घेतला होता. साहेबांना त्याने फोन केला नाही. मी म्हटलं कर, तर म्हणाला, "ते पाहून राहिले असतील, मावशी. घाई केली तं वाईट दिसते." अदिती तिथेच होती. ती उठून आत गेली.

जायच्या आदल्या दिवशी मीरा माझ्याकडे बसली होती. तिला मराठी समजायचं, बोलायची इंग्रजीत. तिने विचारलं, आज्जी, नागपूरला स्नो डे असतात का? मी म्हटलं, तिथे शाळेला बर्फाची नाही, उन्हाची सुट्टी मिळते, उन्हाळाभर. ती विचारात पडली. हे बरं की वाईट, ते तिला ठरवता आलं नाही. त्यांच्या घरातलं सामान लोक येऊन घेऊन जात होते. माझ्याकडे एक रोपाची कुंडी आली. मी ती खिडकीत ठेवली. दंतवैद्य भूल देतो ना, तसं मला त्या दिवशी झालं होतं. गाल असतो जागेवर, पण आपला नसतो.

साहेब महिनोन् महिने आमच्या दारात आले नाहीत. बर्फ वितळल्यावर एकदा आले. "वहिनी, आहे का काही?" मी तवा ठेवला. कांदा चिरला. मग विचारलं.

"त्या दिवशी इथे बसून तुम्ही प्रसादला बघतो म्हणालात."

"हो."

"म्हणजे काय म्हणालात?"

हात चष्म्याकडे गेला, पण त्यांनी तो काढला नाही. "तेव्हा सगळं ठरलं होतं. बाहेर बोलायची परवानगी नव्हती. कायदा असतो, वहिनी."

"ते कळलं मला. पण नंतर? त्याला दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये घ्या, असं कुणाला बोललात?"

"नाही."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून सरळ ‘नाही’ मी पहिल्यांदा ऐकलं.

"एकाचं बघितलं असतं तर सगळ्यांचं बघावं लागलं असतं," ते म्हणाले. "मी नावं वाचलीच नाहीत. वाचली असती तर सही झाली नसती. आणि सही माझी नसती तर दुसऱ्याची असती, त्याने अजून दोन ग्रुप घालवले असते. हे कुणाला सांगून पटत नाही. शैलालाही पटत नाही."

तव्यावरचं थालीपीठ करपलं. मी दुसरं लावलं. त्यांनी ते खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाले. मला राग यायला हवा होता, निदान कीव तरी. मी आपली तवा खरवडत राहिले. जाताना त्यांनी पायपुसणं नीट केलं. तेही मी नुसतं पाहिलं.

पुढे ते रिटायर झाले. कंपनीने मोठं जेवण दिलं, शैला पैठणी नेसून गेली. आणि या जानेवारीत ते झोपेतच गेले. शैलाने मला हाक मारली तेव्हा हीटर नेहमीसारखा घुरघुरत होता, आणि त्यांचा चहाचा कप तिने सवयीने काढून ठेवला होता. रडू तिलाही येत नव्हतं, मलाही. आम्ही दोघींनी मिळून बिछान्यावरची चादर सरळ केली.

शोकसभा मंडळाने शाळेच्या कॅफेटेरियात घेतली. एक जण म्हणाला, आमच्या घरची चूल त्यांच्या सहीवर पेटली. मागून कुणीतरी म्हणालं, आणि आमची विझली.  मराठी शाळेला त्यांचं नाव द्यायचा ठराव होता, तो बारगळला. दोन दिवसांनी अध्यक्षांचा मला फोन.

"मावशी, प्रसादच्या वेळी तुम्ही तिथे होतात म्हणे. शब्द दिला होता का त्यांनी?"

"बघतो म्हणाले होते."

"म्हणजे हो की नाही?"

"तुम्ही कुठले?"

"मी ठाण्याचा."

"मग तुम्हीच ठरवा," मी म्हटलं. ते हसले, पण मी विनोद केला नव्हता. जो कारखाना गेला तो त्यांचाच, जी गाडी चालली तीही त्यांचीच. पाटीवर यातलं काय लिहिणार?

मग नागपूरहून प्रसादचा व्हिडिओ कॉल आला. त्याला कळलं होतं. जरा सुटला आहे, केस कमी झाले आहेत. तिथे एका कॉलेजात शिकवतो. शैलाकाकूंना माझा नमस्कार सांगा म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलला, मीराच्या शाळेचं, तिथल्या थंडीचं. आणि मधेच म्हणाला, "मावशी, तुम्ही त्यांच्या समोरच राहता. एक विचारतो. त्यांनी माझं खरंच काही पाहिलं होतं का हो?"

साहेब गेले होते. हो म्हटलं असतं तर विचारायला कुणी उरलं नव्हतं. साहेबांचं नाव चांगलं राहिलं असतं, निदान नागपुरातल्या एका घरात. पण पोराचा चेहरा स्क्रीनवर एवढा जवळ होता.

"नाही," मी म्हटलं. "काही बघितलं नव्हतं. कुणाला बोलले नव्हते. त्यांनी मला स्वतः सांगितलं."

  त्याने डोळ्यांवरून हात फिरवला.

"नक्की ना?"

"नक्की."

"मी समजत होतो, त्यांनी विचारलं असन, अन् वरून कुणी म्हणालं असन की हा पोरगा कामाचा नाही. इतकी वर्षं तेच चालू आहे डोक्यात. बॅटरीचं काय चुकलं होतं माझं, ते शोधून राहिलो होतो." मग तो म्हणाला, "मग माझं नव्हतं काही."

"नव्हतं रे."

"बरं," म्हणाला. "बरं झालं, मावशी." मागून अदितीने त्याला जेवायला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

थोड्या वेळाने शैलाचा फोन आला. रात्रभर पडलेला बर्फ तिच्या ड्राइव्हवेवर तसाच होता. ते होते तोवर स्वतः फावडं घेऊन काढायचे, म्हणून तिला कधी माणूस शोधावा लागला नव्हता. कुणी ओळखीचा आहे का, तिने विचारलं. मी आमच्याकडे येतो त्याचा नंबर दिला. प्रसादने नमस्कार सांगितलाय, हेही सांगितलं. "बरा आहे ना तो?" तिने विचारलं. बरा आहे, मी म्हटलं.