शेजारच्या ओसरीवरची भाकरी

मला दिली सिकंदराबादला, पण वडील नांदेडभर सांगत, "लेक हैदराबादला दिली." निजामाचं राज्य होतं, राजधानीचा तोरा मोठा. तळ्याच्या पलीकडे हैदराबाद आणि अलीकडे आम्ही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आम्हाला कुणी हैदराबादचं म्हटलं की आमच्या गल्लीचं डोकं फिरायचं. वर्षभरात माझंही फिरायला लागलं.

गल्लीत नुसती दाटी. तेलुगू, तमिळ, उर्दू, मराठी, सगळ्यांची भांडणं एकाच नळावर. शेजारच्या तेलुगू अम्माची ओसरी आमच्या दाराला खेटून, आणि मागच्या परसात दोघींमध्ये कमरेएवढी भिंत. तिनं फोडणी घातली की ठसका मला लागायचा. आधी जीव गुदमरला, पुढे त्या गलक्याशिवाय करमेना.

पहिल्याच उन्हाळ्यात वडील भेटायला आले. लेक हैदराबादला म्हणून सिकंदराबाद आलं तरी गाडीतून हलले नाहीत. थेट पुढे हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनात उतरले आणि तिथून विचारत विचारत, भर उन्हात पायी आले. ओठ पार सुकलेले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"लेकीच्या घरचं पाणी कसं पिऊ, बाई? नातवंड होऊ दे, मग जेवीन पोटभर."

रीत मला ठाऊक होती, तरी रडू आवरेना. लग्नाआधी रोज माझ्या हातची भाकरी खाणारा माणूस माझ्याच दारात तहानलेला! त्या रीतीचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

अम्मा ओसरीवरून बघत होती. सोवळ्याची बाई, पण तोंडाची फटकळ. तिनं वडिलांना हटकलंच, "मेरे घर में तो बेटी नै दिये ना? आओ, बैठो इधर."

वडील हसले आणि तिच्या ओसरीवर जाऊन बसले. घटाघटा पाणी प्यायले. अम्मानं मला परसाकडे खूण केली. मी धावत चूल पेटवली, भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि ताट भिंतीवरून तिच्या हातात दिलं. मग आपल्या दारात येऊन उभी राहिले.

वडील खाली मान घालून जेवत होते. दुसरी भाकरी मोडताना मान वर न करताच म्हणाले, "अजून जाडच थापतीस गं."

आणि तिसरी मागितली.