पेरूच्या पानाचा तुरटपणा

आज पुन्हा काचेच्या नळीतलं पाणी काळंनिळं झालं. काल ते इतकं गडद नव्हतं, परवा तर त्याहून फिकं होतं. रोप तेच, कुंडी तीच, पानही तेवढ्याच वजनाचं. पेरूचं पान खलात वाटायचं, गाळायचं आणि त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे. रंग जितका गडद, तितका पानात तुरटपणा जास्त. किडीनं खाऊ नये म्हणून झाड स्वतःच तो तयार करतं म्हणे. पण रोज वेगळं उत्तर आलं की माझा जीव खालीवर होतो. आठवीत शाळा सुटलेल्या मला मॅडमनी या परक्या गावात, त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभं केलं. आता म्हणतील, उगाच ठेवली हिला.

"नळ्या नीट धुतल्या होत्यास ना गं?" मॅडमनी विचारलंच.

"धुतल्या हो. आता काय साबण पाजू त्यांना?"

त्या हसल्या. "रोज त्याच रोपाचं पान खुडतेस? मग ते सावध होणारच. दुखावलं की झाड तुरटपणा वाढवतं. सगळं पुन्हा करावं लागेल, नव्या रोपांवर."

म्हणजे मी मोजायला हात लावला आणि त्याला तो घाव वाटला. चीड आली, रोपाची की स्वतःची, कळेना.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिचा रोजचा एकच प्रश्न.

"बरी आहेस ना गं?"

"मजेत आहे," मी म्हटलं. कालच्यापेक्षा जरा जास्तच जोरात.