काट्यावरचा नईम

नईम शेख कोणत्याही संगणकाजवळ गेला की प्रथम त्याच्या पाठीला कान लावीत असे. पडद्यावर काय दिसते याच्याशी त्याला कर्तव्य नसे. वैद्याने छाती ऐकावी तसा तो आतला पंखा ऐके आणि निदान करी, "रुवा भरला, वकीलसाहेब. दम लागून राह्यला याले." मग सायकलीचा पंप आणून आत हवा मारी, आणि कापसाच्या तंतूंचा करडा गोळा बाहेर पडे. आमची पहिली भेट अशीच माझ्या टेबलापाशी झाली. मी वकील नाही, अर्जनवीस आहे. परंतु वरवट बकालच्या परिसरात माझ्या मसुद्याचे वजन काय आहे हे तो जाणून होता; सबब ही उपाधी मी कधी नाकारली नाही.

माझी टपरी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर होती आणि फाटकाच्या आत काट्याच्या केबिनमध्ये नईम वजनाच्या पावत्या काढीत असे. बीटी कपाशीची ती वर्षे. आरंभी बोंडे भरभरून आली, पुढे गुलाबी अळीने ती आतून पोखरली, आणि पंचनाम्याच्या अर्जांसाठी माझ्यापुढे रीघ लागली. त्या रिघेतसुद्धा नईम जेवणाच्या सुट्टीत येऊन बाकावर बसे आणि मी न विचारलेल्या विषयावर मत देई. विषय एकच, लिनक्स नावाची संगणकाची फुकट सिस्टीम.

"विकतची सिस्टीम म्हणजे बीटीचं पाकीट," तो म्हणे. "दरसाल नवं घ्या, तिची सरकी पेरून उपयोग नाही. लिनक्स म्हणजे घरचं बेनं. ठेवा, वाटा, कोण विचारते?"

त्यावर संगणकाचे खेळ चालत नाहीत असे मोबाइलवाल्याकडून माझ्या कानी आले होते. ते मी बोलून दाखवताच त्याचा चेहरा लाल झाला. "चालते. पण दुभाषी ठेवा लागते." 'वाईन' नावाचा कोणी प्रोग्राम हे काम करतो, असे त्याने मला समजावले. "लोकं तुमच्यापाशी वऱ्हाडीत रडतात. तुम्ही ते सरकारी मराठीत लिहून देता, मंग साहेबाले समजते. तो बी तेच करते. कधी कधी अर्थ गळून जाते, तसा तुमच्याही अर्जात जाते." शेवटचे वाक्य अनावश्यक होते, असे मी त्याला तिथल्या तिथे बजावले.

यंत्राच्या अंतरंगाविषयीही त्याची मते ठाम होती. पोरे ग्राफिक कार्डावर जीव टाकतात आणि पॉवर सप्लाय, म्हणजे यंत्राला वीज पुरविणारा डबा, भंगारातून उचलतात, याचा त्याला मनस्वी राग. "बैल खिल्लारी, अन् वेसण सुतळीची," एवढेच तो म्हणे. आमच्याकडे विजेचा दाब कधी शेळीचा, कधी वाघाचा. त्याने मात्र स्वतःच्या यंत्राला उत्तम पॉवर सप्लाय बसविला होता. ते यंत्र त्याच्या वडिलांच्या गाद्यांच्या दुकानात, कोपऱ्यात, बायकोच्या जुन्या ओढणीखाली झाकलेले असे. त्यावर तो गोडो नावाच्या फुकट साधनाने एक खेळ घडवीत होता. कपाशीचे वावर, बोंडे वरून सगळी हिरवीगार, त्यांतले कोणते आतून किडले आहे ते ओळखायचे. तीनेक वर्षांची मेहनत होती ती. पुण्याच्या एका संस्थेने स्पर्धा जाहीर केली; निवड होईल त्याला खेळ बनविण्याच्या कामावर घेणार होते. मुदतीच्या अखेरच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत खेळ पाठवायचा होता. तेवढ्यासाठी नईमने रजा घेतली होती, कारण शेवटचा भाग अजून नीट चालत नव्हता.

त्याच दिवशी दुपारी वीज एकदम उसळली आणि काट्याच्या केबिनमधून जळका वास आला. संगणक बंद पडला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि सातपुड्याच्या अंगाने काळेभोर आभाळ चढत होते. वजनाशिवाय कोणतीही गाडी आत, छपराखाली घेतली जात नसे. जिनिंगचे मालक शेठ हाताने पावत्या लिहून द्यायला तयार झाले. पण गेल्या हंगामात अशाच पावत्यांवरून डोकी फुटली होती, त्यामुळे रांगेतला एकही माणूस त्याला कबूल होईना. छापील पावती नसेल तर गाडी काट्यावर चढणार नाही, यावर सगळे अडून बसले.

शेठने नईमला बोलावणे धाडले. त्याने येऊन यंत्र हुंगले. "पॉवर सप्लाय गेला. बाकी जीव आहे." नवा खामगावहून आणीपर्यंत अंधार पडला असता. नईम केबिनच्या दारात उभा राहून आभाळाकडे बघत राहिला. मी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत सांगितले की तू रजेवर आहेस, कायद्याने तुझ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. त्याने ऐकून घेतले, घरी गेला, आणि स्वतःच्या यंत्रातला पॉवर सप्लाय काढून घेऊन आला.

काटा सुरू झाला. पाचपर्यंत रांग संपेल असा त्याचा हिशेब होता. पण काटा चालू झाल्याची बातमी पसरली आणि मागून आणखी गाड्या येऊन लागल्या. वारा सुटला. पाच वाजले तेव्हा शेठ स्वतः म्हणाले की आता तुझे सामान घेऊन जा, तुझा खेळ पाठव, उरलेल्यांना मी उद्या यायला सांगतो. नईमने स्क्रू काढायला पेचकस हातात घेतला.

खिडकीपाशी रांगेतली सुभद्राबाई उभी होती. तिच्या बैलगाडीवर ताडपत्री नव्हती. भिजलेला कापूस कवडीच्या भावाने जातो हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तिने शेठचे बोलणे ऐकले होते.

"काऊन रे नईम, कायचा खेळ आहे तुहा?"

"कापसाचाच आहे, मावशी."

"मंग आमचं मरण खेळून राह्यला काय बे तू?"

नईमने पेचकस खाली ठेवला आणि पुढच्या गाडीचा नंबर टाइप केला. त्यानंतर त्याने घड्याळाकडे पाहिले नाही. मीच पाहत होतो. घड्याळाने सहा ओलांडले तेव्हा सुभद्राबाईची गाडी काट्यावर चढत होती, आणि तिच्या मागे आणखी काही उभ्या होत्या.

शेवटची गाडी छपराखाली गेली आणि आभाळ फाकले. एक थेंबही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वखुशीने 'विलंब क्षमापित होणेबाबत' असा अर्ज तयार केला. माझ्या उत्तम मसुद्यांपैकी तो एक. त्यात 'अवकाळी पावसामुळे' हे शब्द मी योजले होते. नईमने ते खोडायला सांगितले.

"पाऊस पडला नाही, वकीलसाहेब."

पुण्यात बसून वरवटचे आभाळ कोण तपासतो, असे मी विचारले. कारण भक्कम नसेल तर अर्ज टिकत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. तो हटला नाही. ते शब्द निघताच अर्जाचा कणाच मोडला. उत्तर चार दिवसांनी आले: मुदत सर्वांना समान आहे.

पुढच्या हंगामात ते जिनिंग बंद पडले आणि नईम बायकोमुलांना घेऊन सुरतेला गेला. तिकडे तो काय करतो मला ठाऊक नाही. मला तो आठवतो तो पुण्याचे उत्तर आले त्या दुपारचा. गाद्यांच्या दुकानात जमिनीवर बसून तो आपल्या यंत्राचे स्क्रू आवळीत होता. मला राहवले नाही. आभाळ तर कोरडेच गेले, एका न पडलेल्या पावसासाठी तू सगळे घालवलेस, असे मी त्याला बोललो.

त्याने मान वर केली नाही.

"आभाळ पाहून ठरवलं, वकीलसाहेब. पाऊस पाहून तं कोणीही ठरवते."