केतकीचे सोमवार

हे आजवर कोणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आणि जिला खरं तर सांगायला हवं होतं तिला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती तिथेच होती. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी बघा, लिहायला बसताना स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय. घरात कोणी जागचं हललेलं नाही. मग मी कोणाला भितेय?

मी कोथरूडला राहते, दहावीच्या मुलांना गणित शिकवते. माहेर-सासर दोन्ही अमरावतीचं. इतकी वर्षं पुण्यात काढली तरी सासूबाईंचा फोन आला की मी उभी राहूनच बोलायची. मुलगी एकच, केतकी. पहिल्या लॉकडाऊनमध्ये ती वीस वर्षांची होती.

ते दिवस आठवतात ना? हे बेडरूममध्ये मीटिंगला, मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून त्रिकोणमिती शिकवतेय, केतकी तिच्या खोलीत दार लावून. सगळे घरात अडकलेले आणि सगळे खातोय — आज केक, उद्या पाणीपुरी. एकदा चहा पिताना मी तिला म्हणाले, "सुटत चाललीयेस हं." सहज म्हणाले. म्हणजे — सहज म्हणाले असं मी स्वतःला सांगते. खरं तर तिच्याकडे बघून मला राग आला होता. लोकांना ती कशी दिसेल, याचा.

दोन महिन्यांत ती बारीक झाली आणि मी तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. मग ती पोळी अर्धी करायला लागली, मग पाव. पुढे तर पोळीचे इतके बारीक तुकडे करायची की ताट भरल्यासारखं दिसावं. मला दिसत होतं. मी गणित शिकवते हो — अर्ध्याचं अर्धं करत गेलं की काय उरतं, हे मला कळत नव्हतं?

आणि मग तो नळ. जेवण झालं की ती बाथरूममध्ये जायची आणि नळ पूर्ण सोडायची, बादली भरून वाहू लागेपर्यंत. त्या पाण्याच्या आवाजात एक दुसरा आवाज असायचा. पहिल्यांदा दाराशी उभं राहून तो ऐकला. मी घाबरले, फार घाबरले. पण कशाला? तिला काही होईल याला, की कोणाला कळेल याला? मला आजही ठरवता येत नाही. रस्त्यावरून सारख्या ॲम्ब्युलन्स जात होत्या, हॉस्पिटलच्या नावानेच माणसं थरथरायची. तिला कुठेही न नेण्यासाठी हे कारण मला फार सोयीचं पडलं.

सासूबाई रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायच्या. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी कॉल चालू असताना केतकी माझ्या मागून पाणी घ्यायला गेली. सासूबाईंनी चष्मा सरळ केला. "पोरगी काहून अशी वाळली वं? खायला देत नाहीस का तिले?"

केतकी फ्रीजपाशी थांबली. दारावर हात तसाच. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं — नाही, मला माहीत आहे — त्या क्षणी कोणी तिला नुसतं "काय होतंय गं?" विचारलं असतं तरी तिने सांगून टाकलं असतं. आणि मी म्हणाले, "तिने सोळा सोमवार धरलेत, आई."

तसं काहीही नव्हतं. केतकीने जन्मात उपास केला नव्हता. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खायची आणि वर माझ्या डब्यातली पोळीही. पण सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. गुणाची पोर, म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी केतकीशी बोलायला हवं होतं. माझी चारची बॅच होती. मी लॅपटॉप उघडला.

पुढच्या सोमवारी तिने खरोखरच ते व्रत सुरू केलं. मी तिच्या हातात काय दिलंय, हे माझ्याआधी तिला कळलं. सोमवारामागून गुरुवार आला, मग शनिवार, मग चतुर्थी. "आई, उपास आहे" म्हटलं की घरात कोणी एक अक्षर बोलायचं नाही. हे तर कौतुकाने सांगत, आजकालच्या मुली कुठे असं करतात. भगर केली, राजगिऱ्याचे लाडू केले, तर म्हणायची, "माझा कडकडीत आहे." आता मी काय बोलणार? मीच म्हटलं होतं ना, व्रत आहे म्हणून. तिची पाळी बंद झाली, केस गळायला लागले, तेव्हा आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, उलट्या वगैरे? मी म्हटलं, "छे हो. उपास फार करते, एवढंच."

मला वाटायचं, उद्यापन झालं की संपेल. सतराव्या सोमवारी कणकेचा, तूप-गुळाचा चुरमा करतात आणि व्रत करणाऱ्याने तो प्रसाद खायचाच असतो. मी हात आखडता न घेता तूप घातलं. सासूबाई मोबाईलवरून बघत होत्या. आरती झाली. केतकीने चुरमा कपाळाला लावला आणि खाल्ला — वाटीभर, सगळा. मला आनंदाने रडू येत होतं. मग ती उठली. बाथरूमचं दार लागलं, नळ सुरू झाला, आणि त्या दिवशी नळ पुरला नाही. बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"कशाचा आवाज येऊन रायला वं?" सासूबाईंनी विचारलं.

मी घंटा उचलली. झालेली आरती पुन्हा सुरू केली. हे बिचारे डोळे मिटून टाळ्या वाजवायला लागले. आत काहीतरी धाडकन पडलं. ते मी ऐकलं — हेच मला सांगायचंय, ते मी ऐकलं. आणि घंटा थांबवली नाही. शेवटचं कडवं पूर्ण म्हटलं, सासूबाईंना मोबाईलवरूनच नमस्कार केला, फोन ठेवला, आणि मग दाराकडे धावले.

कडी तोडावी लागली. केतकी फरशीवर होती, पाणी वाहत होतं. हॉस्पिटलमध्ये नखशिखान्त झाकलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि तिला शुद्ध आल्यावर झापलं. शिकलेली मुलगी, असले उपास कशाला करतेस? हाताला सलाईन लावलेली माझी मुलगी म्हणाली, "सॉरी." मी उशाशी उभी होते.

ती वाचली. पुढे खरं काय ते डॉक्टरांनीच ओळखलं, उपचार झाले, समुपदेशन झालं. एकदा समुपदेशकांनी आम्हा दोघींना समोर बसवून विचारलं, या उपासांची सुरुवात कोणी केली? केतकी म्हणाली, "मीच." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी पर्सचा पट्टा धरून बसून राहिले.

आता ती नोकरी करते. लग्न तिचं तिनेच ठरवलंय. गेल्या रविवारी मुलाच्या घरचे पहिल्यांदा आले. सासूबाई आता आमच्याकडेच असतात. त्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या मुलाच्या आईला सांगितलं, "आमच्या केतकीनं सोळा सोमवार केले वो, कडकडीत. त्याचंच फळ हे." त्या बाईंनी हात जोडले. सगळे केतकीकडे बघायला लागले, आणि केतकीने माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच, फ्रीजपाशी पाहिलं होतं तसं.

मी पोह्यांची डिश पुढे केली. "घ्या ना," म्हणाले.

"हो आजी, केले," केतकी म्हणाली. तिने तिच्या डिशमधले पोहे संपवले, डिश आत नेऊन ठेवली. बाथरूमचं दार लागलं. नळ सुरू झाला. हात धूत असेल. आता कितीतरी दिवस ती बरी आहे, म्हणजे हातच धूत असेल.

मी जरा मोठ्या आवाजात विचारलं, चहात साखर चालते ना सगळ्यांना?